सडा (कोकण)

जांभा खडकाच्या उघड्या, सपाट पठाराला दक्षिण कोकणात सडा म्हणतात. बोलीत नुसते ‘कातळ’ही. (अंगणातला शेणसडा वेगळा.) रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत खाड्यांच्या मधल्या उंचवट्यांवर सडे पसरले आहेत. पश्चिमेला ते पुष्कळ ठिकाणी थेट समुद्रावर तुटतात.

जांभ्याच्या बुडाशी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट आहे. उष्ण, दमट हवेत तो जागच्या जागी कुजला. सिलिका आणि क्षार पावसाने धुऊन नेले. लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरली. सडा वरून काळपट दिसतो, पण चिरेखाणीत घाव बसला की आतला तांबडा रंग उघडा पडतो. ताजा चिरा मऊ असतो, हवेवर राहून कठीण होतो. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने मलबारातल्या अशाच खडकाला लॅटिनमधल्या ‘वीट’ या शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिले. घरापासून गडग्यापर्यंत सगळे चिऱ्याने बांधणाऱ्या कोकणी गवंड्याला ते सहज पटेल.

सरकारदप्तरी सड्याची गणना बहुधा पडीक जमिनीत होते, ती फसवी आहे. जांभा भोकाभोकांचा असल्याने त्यात पाऊस मुरतो, खालच्या चिकणमातीवर अडतो आणि उताराला झऱ्यांनी बाहेर येतो. वाड्या सड्यावर न वसता त्याच्या कुशीत वसल्या, त्या याच पाण्यासाठी. वर मातीचा जेमतेम थर; तरी श्रावण-भाद्रपदात खळग्यांभोवती सीतेची आसवे निळीजांभळी फुलतात. ही वनस्पती कीटकभक्षी आहे. हापूसची कलमे लावायची तर मात्र सुरुंगाने खड्डे पाडून बाहेरची माती भरावी लागते.

याच कातळावर प्रागैतिहासिक माणसाने चित्रे कोरली. कशेळी, बारसू, उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, रुंढेतळी, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातले फणसायमळ ही नऊ कातळशिल्प-स्थळे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली. देवाचे गोठणे येथे होकायंत्राची सुई भरकटते. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब असून त्याच्या अंगातच इतर प्राण्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रेघांमध्ये सावली साचते, तेव्हा तो नीट दिसतो. भर दुपारी नवखा माणूस त्याच्या पोटावरून चालत जातो आणि हत्ती कुठे आहे म्हणून विचारतो.