कुलपातली चूक आणि बोटांची नजर

पाच पिनांचं एक साधं सिलिंडर कुलूप घ्या. किल्लीवर प्रत्येक पिनेसाठी दहापैकी कोणत्याही खोलीची खाच पाडता येते असं धरलं, तर १,००,००० वेगवेगळ्या किल्ल्या होतात. (प्रत्यक्षात थोड्या कमी. शेजारच्या दोन खाचांत फारच चढउतार असला, तर ती किल्ली धड आतबाहेर सरकत नाही.) एकेक किल्ली लावून बघायला दहा सेकंद लागतात असं म्हटलं, तरी सगळ्या संपवायला दिवसरात्र बसून अकरा दिवसांहून जास्त वेळ जाईल. आणि हौसेखातर कुलपं उघडणारा एखादा सरावलेला माणूस तेच कुलूप दोन बारीक पोलादी पट्ट्यांनी काही मिनिटांत उघडतो. कसं? कुलपाची सगळी ताकद गुणाकारात असते, आणि हा पठ्ठ्या त्या गुणाकाराची बेरीज करून टाकतो.

त्यासाठी आत काय असतं ते बघू. किल्ली ज्यात जाते तो फिरणारा गोल गाभा, आणि त्याच्याभोवती न फिरणारी खोळ. दोन्हींतून आरपार जाणारी पाच भोकं. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना: खाली किल्लीला टेकणारी पिन (तिला ‘की पिन’ म्हणतात), वर ‘ड्रायव्हर पिन’, आणि तिला खाली दाबणारी स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा ड्रायव्हर पिना अर्ध्या गाभ्यात, अर्ध्या खोळीत अडकलेल्या असतात, म्हणून गाभा फिरत नाही. बरोबर किल्ली पाचही जोड्यांना अशी उचलते, की दोन पिनांमधली फट नेमकी गाभ्याच्या कडेवर येते. या कडेला शिअर लाइन म्हणतात. तत्त्व जुनंच आहे. लाकडी पिनांची कुलपं प्राचीन इजिप्तमध्येही होती. आजची चपट्या किल्लीची आवृत्ती अमेरिकेतल्या धाकट्या लायनस येल यांनी १८६० च्या दशकात आणली.

आता मेख. ही पाच भोकं कागदावर एका सरळ रेषेत असतात. धातूत कधीच नसतात. यंत्र कितीही चांगलं असलं, तरी मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतका फरक राहतोच. त्यामुळे टेन्शन रेंच नावाच्या वाकवलेल्या पट्टीने गाभा हलकेच फिरवायला गेलं, की पाचही पिना एकदम आवळल्या जात नाहीत. एक कुठली तरी आधी आवळली जाते. दुसऱ्या हातातल्या पिकने, म्हणजे दुसऱ्या बारीक पट्टीने, एकेक पिन चाचपली, की चार स्प्रिंगवर मोकळ्या नाचतात आणि एक ताठ लागते. ती ताठ पिन हळूहळू वर ढकलायची. तिची फट शिअर लाइनवर आली, की गाभा केसभर फिरतो आणि ड्रायव्हर पिन त्याच्या कडेवर अडकून वरच राहते. मग दुसरी एखादी पिन ताठ होते.

पहिली ताठ पिन शोधायला जास्तीत जास्त पाच चाचण्या, मग चार, तीन, दोन, एक. सगळ्या मिळून पंधरा. उंची मोजायचीही गरज नाही, ती पिन स्वतःच सांगते. एक लाख शक्यता कुठल्या कुठे गेल्या.

पण ती ‘सांगते’ हे बोटांना कळायला हवं, आणि खरी गंमत मला इथेच वाटते. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे जोर. रेंच जितका जोरात दाबाल तितकं पिनांवरचं घर्षण वाढतं आणि सगळ्याच पिना ताठ लागू लागतात. शिवाय आपली संवेदनाही आड येते. एकोणिसाव्या शतकात जर्मन शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी दाखवलं होतं, की आपल्याला जाणवणारा किमान फरक मूळ दाबाच्या प्रमाणात असतो. हातात आधीच मोठा दाब असेल, तर त्यातला बारीक बदल लक्षातच येत नाही. म्हणून जाणकार रेंचवर एका बोटाचा जेमतेम भार ठेवतात.

पिन जागेवर बसते तेव्हा ‘टक्’ होतं. आवाज येवो न येवो, बोटाला ते कळतं. त्वचेत खोलवर पॅसिनियन कॉर्पसल नावाचे संवेदक असतात. सेकंदाला २०० ते ३०० या वेगाची कंपनं ते सगळ्यात चांगली टिपतात, मग त्या कंपनांतली हालचाल मायक्रोमीटरहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) कमी का असेना. पोलादी पिकमधून तेच कंपन बोटांपर्यंत पोचतं.

सरावासाठी पारदर्शक प्लास्टिकची कुलपं मिळतात. आतली रचना समजायला ती उत्तम, पण त्यांवर फार रेंगाळू नये असं माझं मत. डोळ्यांना दिसत असलं की बोटं शिकत नाहीत, आणि त्या कुलपांतली भोकं बहुधा इतकी सैल असतात की ती कशीही उघडतात. त्यापेक्षा उघडून पिना बदलता येतील असं धातूचं कुलूप घ्यावं. आधी एकच पिन ठेवायची, ती जमली की दुसरी घालायची.

पुढच्या पायरीवर स्पूल पिना भेटतात. या ड्रायव्हर पिना मधे बारीक असतात, रिळासारख्या. गाभा चांगला दोनचार अंश फिरतो, आपण खूश होतो आणि तिथेच सगळं अडतं. पिनेची कंबर कडेवर अटकलेली असते. ती वर ढकलली, की गाभा उलटा फिरू पाहतो. नवखा माणूस घाबरून रेंच घट्ट धरतो. तिथे हात सैल सोडायचा असतो, म्हणजे रेंच मागे येऊ द्यायचा, मात्र बसलेल्या पिना घसरून पडणार नाहीत इतपतच.

असं शिकवणं म्हणजे चोरांना मदत नव्हे का, हा वाद जुना आहे. कुलपं बनवणाऱ्या ब्रामा कंपनीने १७९० पासून लंडनमधल्या आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडून ठेवलं होतं. उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस. १८५१ मध्ये लंडनमध्येच भरलेल्या जागतिक महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकनाने ते उघडलं. सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. गदारोळ झाला, तेव्हा हॉब्ज यांचं म्हणणं असं की चोरांना हे आधीच ठाऊक असतं, अंधारात असतो तो कुलूप विकत घेणारा. मला ते पटतं. त्यांच्या त्या कामगिरीनंतर कुलपं आणखी सुधारली, हे नाकारता येत नाही.

आज या छंदाला लॉकस्पोर्ट म्हणतात आणि युरोप-अमेरिकेत त्याचे क्लब आहेत. अवजारं जवळ बाळगण्याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. जपानने २००३ मध्ये खास कायदा करून त्यांवर कडक बंधनं घातली. हौशी मंडळींचे स्वतःचे नियम दोनच: कुलूप आपलं असावं किंवा मालकाची परवानगी असावी, आणि ते वापरातलं नसावं. दुसरा नियम अगदी व्यवहाराचा आहे. काही कुलपांत पिकने उघडताना गाभा अर्धा वळसा फिरला, की ड्रायव्हर पिना किल्लीच्या फटीत खाली घरंगळतात आणि कुलूप तिथेच अडकून बसतं. ते दाराला लावलेलं असेल, तर खिशात खरी किल्ली असूनही कारागिराला बोलवावं लागतं.