आद्य ख्रिस्ती मंडळीतील परक्यांचा स्वीकार

आद्य ख्रिस्ती मंडळीतील परक्यांचा स्वीकार : येशूचे पहिले अनुयायी यहुदी होते. त्यांच्या मंडळीने यहुदीतर लोकांना, आधी सुंता करून यहुदी होण्याची अट न घालता, बरोबरीच्या नात्याने आपल्यात घेतले, त्या प्रक्रियेचा हा इतिहास. मराठी बायबलमध्ये या लोकांना ‘परराष्ट्रीय’ म्हटले आहे. निर्णायक घडामोडी इ. स. ३० ते ६० या काळात यरुशलेम, कैसरिया आणि सिरियातील अंत्युखिया या शहरांत घडल्या. त्यांची माहिती मुख्यतः दोन ठिकाणी मिळते : यहुदीतरांत प्रचार करणाऱ्या पौल या प्रेषिताने गलतीकरांना, म्हणजे गलतियातील मंडळ्यांना, लिहिलेले पत्र आणि काही दशकांनी रचलेला ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ. ग्रंथात समेटाचा सूर आहे, तर पत्रात वादात प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसाचा संताप आहे. म्हणून दोन्ही एकत्र वाचावे लागतात.

यहुदी धर्म परक्यांना बंद होता, ही समजूत चुकीची आहे. सुंता करून धर्मांतर करण्याची वाट खुली होती. शिवाय धर्मांतर न करता सभास्थानात येणारे, एका देवाला मानणारे ग्रीक आणि रोमन लोक अनेक शहरांत होते. यरुशलेमच्या मंदिराच्या बाहेरच्या अंगणातही कोणालाही जाता येई. मात्र आतल्या कठड्याजवळ ग्रीक भाषेतील शिलालेख होते : परक्याने पुढे पाऊल टाकले, तर होणाऱ्या मृत्यूला तो स्वतःच जबाबदार राहील. त्यांपैकी एक अखंड शिला १८७१ मध्ये सापडली. ती आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. पुढे पौलाला यरुशलेमात अटक झाली, ती त्रफिम या इफिसच्या परराष्ट्रीयाला त्याने हा कठडा ओलांडून आत नेले, या आरोपामुळे उसळलेल्या दंगलीतून.

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातला एक आरंभीचा प्रसंग गाझाच्या वाटेवरचा आहे. इथिओपियाच्या कांदके राणीचा खजिनदार, एक षंढ, रथात यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत परतत होता. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या नियमानुसार षंढाला देवाच्या मंडळीत प्रवेश नव्हता. त्याच यशयाच्या पुस्तकात मात्र षंढांना आणि परदेशीयांना देवाच्या घरात स्थान मिळेल असे वचन आहे. वाटेत पाणी दिसताच त्याने बरोबर असलेल्या फिलिप्प या ख्रिस्ती प्रचारकाला विचारले, माझा बाप्तिस्मा व्हायला काय अडचण आहे? फिलिप्पाने त्याला तिथेच बाप्तिस्मा दिला.

यानंतरचा प्रसंग अधिक गाजला. यापो येथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरलेल्या पेत्र या येशूच्या प्रमुख शिष्याला दृष्टान्त झाला : आकाशातून उतरलेल्या चादरीत सर्व तऱ्हेचे प्राणी आहेत आणि देवाने शुद्ध केलेल्याला तू अशुद्ध म्हणू नकोस, अशी वाणी होते. पाठोपाठ कर्नेल्य या रोमन शताधिपतीची माणसे दारात आली. पेत्र कैसरियाला त्याच्या घरी गेला आणि त्या घराचा बाप्तिस्मा झाला. यरुशलेमात परतल्यावर त्याला जाब विचारला गेला तो बाप्तिस्म्याबद्दल नव्हे. सुंता न झालेल्यांकडे जाऊन तू त्यांच्याबरोबर जेवलास, हा आक्षेप होता. खरा प्रश्न पंक्तीचा होता. एखाद्याला देव आपला मानतो हे कबूल करणे सोपे होते. त्याच्या शेजारी बसून जेवणे अवघड होते.

साधारण इ. स. ४८–४९ मध्ये यरुशलेमात या प्रश्नावर सभा झाली. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा अंत्युखियाहून आले. पौलाने तीत या सुंता न झालेल्या ग्रीक सहकाऱ्याला मुद्दाम बरोबर आणले होते. सुंतेची सक्ती झाली नाही. ‘कृत्यां’नुसार येशूचा भाऊ याकोब याने निर्णय मांडला : परराष्ट्रीयांनी मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि व्यभिचार वर्ज्य करावेत. चारपैकी तीन अटी खाण्याच्या आहेत, कारण यहुदी विश्वासणाऱ्याला त्याच घरात जेवता यावे, ही अडचण सोडवायची होती. पौल स्वतः मात्र या अटींचा उल्लेख करत नाही.

अंत्युखियात तर ठिणगीच पडली. पेत्र तिथे परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. याकोबाकडून माणसे आल्यावर तो मागे सरला आणि बर्णबाही त्याच्यामागे गेला. पौलाने सर्वांदेखत पेत्राला दोष दिला. ही घटना यरुशलेमच्या सभेआधीची की नंतरची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. दृष्टान्त पाहिलेला माणूसही चार जण बघत असताना कचरला, हे पौलाच्या गलतीकरांना लिहिलेल्या पत्राने लपवले नाही. त्या प्रामाणिकपणामुळेच हा पुरावा मोलाचा वाटतो. याच पत्रात पौल लिहितो की ख्रिस्तात यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री असा भेद राहिला नाही.

हे वचन लगेच आचरणात उतरले असे नाही. करिंथ येथे श्रीमंत लोक प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ मंडळीने एकत्र घ्यायच्या भोजनाला, आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. या पंक्तिभेदावर पौलाने कडक शब्दांत लिहिले. गुलामगिरी तर मंडळीने मोडली नाहीच. तरीही इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार धाकटा प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की माहिती काढण्यासाठी त्याने ख्रिस्ती सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ केला. दासींना मंडळीत पद होते, हे एका विरोधकाच्या तोंडून कळते.

मंडळ्या वाढल्या तसे पाहुणचाराला नियम आले. ‘डिडाखे’ या जुन्या नियमग्रंथानुसार वाटसरूला दोन-तीन दिवस ठेवावे. राहायचे असल्यास त्याने आपल्या कसबावर पोट भरावे. फिरता उपदेशक तीन दिवस राहिला किंवा त्याने पैसे मागितले, तर तो खोटा संदेष्टा समजावा. साधारण इ. स. १५५ मध्ये रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की रविवारी जमणारा निधी अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावाहून आलेले लोक यांच्यासाठी वापरला जाई. २५१ मध्ये रोमचा बिशप कर्नेलियस १,५०० हून अधिक विधवा आणि गरजू मंडळीच्या आधारावर असल्याचे नोंदवतो. त्याच सुमारास कार्थेजमध्ये साथ पसरली, तेव्हा तिथला बिशप सिप्रियन याने छळ करणाऱ्यांनाही मदत करा असे सांगितल्याचे त्याचा चरित्रकार लिहितो.

दार मात्र सताड उघडे नव्हते. बाप्तिस्म्यापूर्वी दीर्घ शिक्षण घ्यावे लागे. रोमशी जोडल्या जाणाऱ्या एका नियमावलीत ही मुदत तीन वर्षे आहे. शिक्षण चालू असलेल्यांना प्रभुभोजनापूर्वी निरोप दिला जाई. छळाच्या काळात खबऱ्यांचे भय होते, हे लक्षात घेतले तरी, ज्या पंक्तीसाठी पौल भांडला तिच्याभोवती नवा कठडा उभा राहिला, असेच म्हणावे लागते.

चौथ्या शतकात राजाश्रय मिळाल्यावर पाहुणचार घरांतून संस्थांकडे गेला. सम्राट ज्युलियन ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता. गलातियाच्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्याने, हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, अशी खंत व्यक्त केली आणि प्रत्येक शहरात परक्यांसाठी धर्मशाळा बांधायला सांगितले. त्यानंतर दहाएक वर्षांतच कप्पदुकियातील कैसरियाचा बिशप बेसिल याने शहराबाहेर वाटसरू, आजारी आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी निवासांची वसाहत उभारली.