संचालकपदाचा अर्ज अडतो तो 'दहा वर्षां'च्या दाखल्यावर

अर्थशास्त्राच्या एखाद्या संशोधन संस्थेत नवा संचालक येणार असं कळलं की जाहिरात निघायच्या आधीच विचारणा सुरू होते. आणि छाननी झाली की तीच माणसं विचारतात, 'एवढे शोधनिबंध असूनही माझं नाव का गळलं?' बरीच वर्षं छाननीचं काम केल्यामुळे सांगते, विद्वत्तेवर अडलेले अर्ज मी फार थोडे पाहिले. बहुतेक अडतात ते अनुभवाच्या दाखल्यावर.

आधी पद कोणतं ते नीट बघा. पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था 1930 सालची. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ 1966 पर्यंत तिचे संचालक होते. 1993 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि आता तिथले प्रमुख कुलगुरू असतात. अशा ठिकाणी विद्यापीठ अनुदान आयोगाचे कुलगुरूंचे निकष लागतात. विद्यापीठातल्या एखाद्या केंद्राचा संचालक नेमायचा असेल, तर त्या जाहिरातीत छापलेले निकष धरायचे.

आयोगाच्या 2018 च्या नियमांत कुलगुरूपदासाठी विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षं हवीत, किंवा नामवंत संशोधन वा शैक्षणिक प्रशासकीय संस्थेत दहा वर्षं आणि सोबत शैक्षणिक नेतृत्वाचा पुरावा. इथे 'प्राध्यापक' म्हणजे प्रोफेसर. सहयोगी प्राध्यापक म्हणून काढलेली वर्षं त्यात येत नाहीत. सप्टेंबर 2024 मध्ये गोखले संस्थेचे कुलगुरू अजित रानडे यांची नेमणूक याच दहा वर्षांच्या मुद्द्यावर रद्द झाली. उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, पण नोव्हेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. उत्तराखंडातल्या एका कुलगुरूंची नेमणूक 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही टिकली नाही. लोकसेवा आयोगाच्या सदस्यपदाचा काळ त्यांच्या प्राध्यापकीत धरला गेला नाही. निवड झाल्यावर असं घडलं तर माणसाची आणि संस्थेची किती ओढाताण होते! म्हणून हिशेब आधीच करा.

आता दाखला. नेहमी येतो तो असा: 'सदर व्यक्ती 2009 पासून आमच्या संस्थेत कार्यरत आहे.' खाली सही आणि गोल शिक्का. यावरून छाननी करणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. दाखल्यात पदनाम, त्या पदावर रुजू झाल्याची तारीख, वेतनस्तर (प्राध्यापकाचा 14) आणि बिनपगारी रजा किंवा प्रतिनियुक्तीचा काळ, एवढं स्पष्ट लिहिलेलं हवं. पदोन्नती योजनेतून प्राध्यापक झालेल्यांची अडचण आणखी वेगळी. आदेश निघतो 2016 ला, लागू होतो 2013 पासून. नुसतं आदेशाचं पहिलं पान जोडलं तर तीन वर्षं जातात. लागू तारखेचं पान आणि वेतननिश्चितीचा कागद, दोन्ही जोडा.

आस्थापना विभाग हा दाखला द्यायला महिनामहिना लावतो, याचा मला मनापासून राग येतो. सेवापुस्तकात सगळं लिहिलेलं असतं. नकलून द्यायला अर्धा तास पुरतो. तरीही जाहिरातीची वाट न पाहता आजच लेखी मागणी करा आणि पोच घ्या.

मुदतीचंही तसंच. अनुभव मुलाखतीच्या दिवशी पूर्ण होऊन चालत नाही. जाहिरातीत वेगळी तारीख दिली नसेल तर पात्रता अर्जाच्या शेवटच्या दिवशीच मोजतात. 'त्या तारखेपर्यंत पोहोचला पाहिजे' असं लिहिलेलं असताना त्या दिवशी स्पीड पोस्ट करून उपयोग नाही. एका प्राध्यापकांचा जाडजूड गठ्ठा दोन दिवस उशिरा आलेला मी स्वतः हातात घेतलाय. तो उघडताही आला नाही.

नोकरीत असाल तर अर्ज कार्यालयामार्फत जातो आणि नाहरकत प्रमाणपत्र तिथेच रखडतं. जाहिरातीत मुभा असेल तर आगाऊ प्रत थेट पाठवा, त्यावर 'मूळ अर्ज योग्य मार्गाने येत आहे' असं लिहा आणि नाहरकतीच्या अर्जाची पोच सोबत लावा.

पदव्या, जन्मतारखेचा पुरावा, प्रकाशनांची यादी नेहमीप्रमाणे. प्रत्येक पानावर सही आणि पानांना क्रमांक द्या. अनुभवाचा दाखला मात्र पहिल्या पाच पानांतच ठेवा.