सायकल शर्यतीतील संघबांधणी आणि डावपेच

रस्त्यावरील व्यावसायिक सायकल शर्यतींसाठी वर्षभराचा चमू उभा करणे, त्यातून प्रत्येक शर्यतीचा संघ निवडणे आणि शर्यतीत कोणी कोणासाठी राबायचे हे ठरवणे. विजेता म्हणून नाव एकाचेच लागते, पण त्याला तिथवर पोहोचवणारे इतरही असतात. याचे मूळ वाऱ्यात आहे. पुढच्या सायकलच्या आडोशाला चालणाऱ्याची सपाटीवर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत शक्ती वाचू शकते. म्हणून नायकाला ताजे ठेवायचे तर दुसऱ्या कोणीतरी वारा अंगावर घ्यावा लागतो.

असे राबणाऱ्याला ‘डोमेस्टिक’, म्हणजे घरगडी, म्हणतात. 1911च्या टूर द फ्रान्समध्ये मॉरिस ब्रोको हा फ्रान्स्वा फाबेरसाठी राबायला तयार झाला, तेव्हा आयोजक आंरी देग्रांज याने त्याला हिणवण्यासाठी हा शब्द वापरला. चिडलेल्या ब्रोकोने पुढचा टप्पा (शर्यतीतली एका दिवसाची दौड) जिंकला, तरी त्याला शर्यतीतून काढण्यात आले. ज्या कामासाठी तो बाद झाला, तेच काम आज पगारी आणि मानाचे आहे.

सर्वोच्च श्रेणीतील संघाकडे साधारण 30 सायकलपटू असतात: घाटात चढणारे, सपाटीवर तासन्‌तास वेग धरणारे, टाइम ट्रायलचे, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याचे, तज्ज्ञ, शेवटच्या रेषेकडे सुसाट सुटणारे स्प्रिंटर आणि स्प्रिंटरला शेवटच्या काही शे मीटरपर्यंत सोडणारे. तीन आठवड्यांच्या शर्यतीत मात्र आठच जागा मिळतात. 2018पूर्वी त्या नऊ होत्या. खरी ओढाताण इथेच होते. स्प्रिंटर घेतला की त्याची वाट काढणारेही घ्यावे लागतात आणि घाटातले सोबती तेवढे घटतात. 2012च्या टूर द फ्रान्समध्ये स्काय संघाने ब्रॅडली विगिन्सच्या पिवळ्या जर्सीसाठी, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याच्या मानासाठी, संघ बांधला आणि विश्वविजेता मार्क कॅव्हेंडिशलाही घेतले. विगिन्स जिंकला, कॅव्हेंडिशने तीन टप्पे मारले, पण आपल्यासाठी राबणारे कमी पडलेला हा स्प्रिंटर हंगाम संपताच संघ सोडून गेला.

दोन नायक असणे घातक मानले जाते, पण योग्य दिवशी तेच हत्यार ठरते. 2022च्या टूरच्या अकराव्या टप्प्यात युम्बो-व्हिस्मा संघाच्या प्रिमोझ रोग्लिच आणि योनास विंगेगार्ड यांनी आल्प्समधल्या गालिबिए घाटाच्या वाटेवर आळीपाळीने मुसंडी मारली. तेव्हा पिवळ्या जर्सीत असलेल्या, पण एकट्या पडलेल्या तादेय पोगाचारला प्रत्येक मुसंडीमागे धावावे लागले. शेवटच्या ग्रानोनच्या चढावर तो कोलमडला, जवळपास तीन मिनिटे गमावून बसला आणि पिवळी जर्सी विंगेगार्डकडे गेली. टूरच्या अलीकडच्या इतिहासात याहून देखणा सांघिक डाव सापडणे कठीण.

पुढच्या वर्षी याच संघाची परीक्षा झाली. व्हुएल्टा या स्पेनमधल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत आयुष्यभर इतरांसाठी राबलेला सेप कुस आघाडीवर होता आणि रोग्लिच, विंगेगार्ड त्याच्या मागे. अंग्लिरूच्या चढावर दोघे त्याला सोडून पुढे निघून गेले. प्रतिस्पर्धी संघातला मिकेल लांडा मात्र कुसच्या पुढे वेग धरून राहिला. कुसची आघाडी आठ सेकंदांवर आली. त्यानंतर संघाने कुसला जिंकवायचे ठरवले आणि त्या वर्षी फ्रान्स, इटली आणि स्पेनच्या तिन्ही मोठ्या शर्यतींत उतरलेला हा घरगडी माद्रिदमध्ये विजेता ठरला. विंगेगार्ड दुसरा आला, रोग्लिच तिसरा.