हृदयविकाराच्या जोखमीचे मूल्यमापन

कोलेस्टेरॉल वाढलेले आढळल्यावर औषध सुरू करण्याआधी, त्या व्यक्तीला पुढील १० वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधण्याची पद्धत. वय, लिंग, रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांचा एकत्रित विचार करून ही शक्यता टक्क्यांत मांडतात.

लिपिड प्रोफाइलच्या (रक्तातील चरबीच्या तपासणीच्या) रिपोर्टवर ठळक छापलेला आकडा एकटा फारसे सांगत नाही. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीमुळे रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, दर डेसिलिटरमागे ३९ मिग्रॅ.ने उतरले, तर झटका व पक्षाघाताचे प्रमाण साधारण एक-पंचमांशाने घटते. समजा, दोघांचे एलडीएल १५० आहे. एकजण साठीचा, विडी ओढणारा, रक्तदाब वाढलेला. त्याची जोखीम २० टक्के धरली, तर अशा १०० जणांपैकी सुमारे ४ जणांचा झटका टळेल. दुसरी व्यक्ती चाळिशीच्या आतली, निर्व्यसनी, जोखीम २ टक्के. तिच्यासारख्या १०० जणांत एकाचाही टळेल असे नाही. गोळी तीच, घट त्याच प्रमाणात, पण पदरात पडणारे वेगळे.

या गणिताचा पाया अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या गावी घातला गेला. १९४८ पासून तेथील ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी झाली आणि कोणाला हृदयविकार झाला, याची नोंद ठेवली गेली. ते बहुतेक गोरे होते, ही मर्यादा पुढे बरीच जाणवली. भारतीय वंशाच्या लोकांना हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो, आणि परक्या लोकसंख्येवरून बेतलेली सूत्रे त्यांची जोखीम कमी दाखवू शकतात. ब्रिटनमधील क्यूरिस्क गणकात म्हणूनच भारतीय वंशाची वेगळी नोंद होते. लंडनमधल्या मराठी माणसाला तेथे नेमका पर्याय निवडता येतो. अमेरिकेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी दक्षिण आशियाई वंश हा जोखीम वाढवणारा घटक मानला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रदेशवार सुधारित तक्ते काढले. त्यांतला एक प्रकार रक्ततपासणीशिवाय, कोलेस्टेरॉलऐवजी उंची-वजनावर चालतो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचीच सोय अधिक.

यांतले बहुतेक गणक धूम्रपान विचारतात. मिश्री, तंबाखू-चुना किंवा गुटखा यांना तेथे रकानाच नाही; महाराष्ट्रात ही उणीव लहान नव्हे, त्यामुळे डॉक्टरांनी हे स्वतंत्रपणे विचारलेले बरे. दुसरा दोष वयाचा. सूत्रात वयाचे वजन इतके असते की तिशीतल्या धूम्रपान करणाऱ्याचाही आकडा फसवा कमी येतो. अशा वेळी आयुष्यभराची जोखीम पाहतात.

ज्यांना आधीच झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांच्यासाठी ही गणना नाहीच. एलडीएल १९० किंवा अधिक असेल तरीही गणकाची वाट न पाहता उपचार सुरू करतात. अशा घरात आनुवंशिक दोषाचा संशय धरून भावंडांची व मुलांचीही तपासणी करावी.

अमेरिकेत २०१८ च्या सूचनांनी साडेसात टक्के जोखमीपासून, तर ब्रिटनमध्ये १० टक्क्यांपासून स्टॅटिनचा विचार रुळला. या रेषा माणसांनी आखलेल्या आहेत; साडेसातला धोका आणि सातला निर्धास्तपणा असे शरीरात काही घडत नसते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये जोखमीच्या गटानुसार एलडीएलची उद्दिष्टे दिली : कमी व मध्यम जोखमीला १०० च्या खाली, जास्त जोखमीला ७० च्या आणि अतिजोखमीला ५५ च्या खाली. निर्णय अडला, तर सीटी स्कॅनने हृदयाच्या धमन्यांतील कॅल्शियम मोजतात. ते शून्य आले आणि मधुमेह, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास नसेल, तर काही वर्षे गोळीविना थांबता येते.