पटावर शेवटी जे उरतं : एंडगेमच्या अभ्यासामागचा इतिहास

लातूर, नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरला रविवारी एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये बुद्धिबळाची रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांची स्पर्धा भरली की एक दृश्य हमखास दिसतं. पहिल्या दहा-बारा चाली दोन्ही खेळाडू धडाधड करतात, कारण ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, पाठ असतं. मधल्या खेळात मारामारी होते, वजीर पटावरून जातात, दोन हत्ती आणि पाच-सहा प्यादी उरतात. मग घड्याळात दोन मिनिटं असताना दोघंही अंदाजाने खेळू लागतात. बरोबरीचे डाव हरले जातात, जिंकलेले सुटतात. चौदाशे-पंधराशे रेटिंगवर (खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्यावर) अडकलेल्या बऱ्याच जणांची अडचण इथेच असते, आणि एंडगेम, म्हणजे थोडी मोहरी उरलेला डावाचा शेवटचा टप्पा, मात्र ‘नंतर बघू’ म्हणून मागे पडतो. खरं तर बुद्धिबळात सर्वांत जुनं आणि आजही जसंच्या तसं लागू पडणारं ज्ञान याच भागात आहे.

आपल्याकडे हा खेळ नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’मध्ये राजाच्या करमणुकींत बुद्धिबळही आहे. ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागूनच. दुसरा धागा पैठणचा. तिथलं भट्ट घराणं सोळाव्या शतकात काशीला गेलं. त्याच घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ हा धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ रचला. त्यातल्या नीतिमयूख या राजनीतीवरच्या भागात बुद्धिबळाचं वर्णन येतं. धर्मशास्त्रकाराला राजनीती सांगताना पट आठवावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

एंडगेमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहेत ते आपल्या जुन्या खेळाचे नियम. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. त्यात हिंदुस्थानी पद्धतीत डाव जिंकण्याचे प्रकार दिले आहेत. समोरच्याचं सगळं सैन्य संपून एकटा राजा उरला की ‘बुर्ज’, आणि तो अर्धाच विजय. मोहऱ्यांनी केलेली मात हा पुढचा प्रकार. सर्वांत मानाची प्याद्याने दिलेली मात. शिवाय प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं आणि शेवटच्या ओळीला पोचलं की ज्या मोहऱ्याच्या उभ्या रांगेत पोचलं तेच मोहरं व्हायचं. अशा नियमांत डाव सावकाश उलगडतो. सगळं मारून टाकलं तर अर्धीच जीत पदरात पडते, म्हणून समोरच्याचं एखादं मोहरं जपूनच मात करायची, तीही जमलं तर प्याद्याने. असा खेळणारा माणूस सुरुवातीपेक्षा शेवटाचाच विचार जास्त करणार.

याचा पुरावा पुढे इंग्लंडने पाहिला. पंजाबातला मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढलेला. १९२९ साली तो इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. १९३२ आणि १९३३ला पुन्हा. ओपनिंगच्या पुस्तकी ज्ञानात तो मागे होता, पण मोहरी कमी झाली की त्याला हरवणं अवघड जाई. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांकालाही हरवलं. जागतिक संघटनेने त्याला ग्रँडमास्टर हा मानद किताब दिला तो २०२४ साली, मृत्यूनंतर कित्येक दशकांनी.

आता जरा मागे जाऊ. नवव्या-दहाव्या शतकात बगदादमध्ये अल-अदली आणि अस-सूली हे नावाजलेले खेळाडू होते. शेवटच्या काही मोहऱ्यांची रचना मांडून ‘इथून जिंकून दाखवा’ असं आव्हान देण्याची त्या काळी पद्धत होती, त्याला मन्सूबा म्हणत. तेव्हा वजिराच्या जागचं मोहरं तिरपं एकच घर चालायचं, उंटाच्या जागचं दोन घरं उडी मारायचं. पण राजा, हत्ती आणि घोडा आजच्यासारखेच चालायचे. त्यामुळे एकटा हत्ती विरुद्ध एकटा घोडा यांच्या हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या रचना आजही बरोबर ठरतात. घोडा आपल्या राजापासून दूर गेला तर हत्तीवाला जिंकतो, हे तेव्हा सिद्ध झालं आणि आपल्या स्पर्धेत या रविवारीही तेवढंच खरं असेल. ओपनिंगमधलं एवढं जुनं काहीच टिकलेलं नाही.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजीर आणि उंट लांब पल्ल्याचे झाले, आणि एंडगेमचं रूप पालटलं. आधी प्यादं शेवटच्या ओळीला पोचून एक दुबळं मोहरं मिळायचं. आता पटावरचं सर्वांत ताकदीचं मोहरं मिळू लागलं. एका प्याद्याची किंमत अचानक वाढली. राजा-प्याद्यांची शर्यत, विरोधी राजाला समोरासमोर अडवणं, हत्तीने राजाला एका उभ्या रांगेपलीकडे रोखून धरणं, हे सगळं या एका बदलातून जन्मलं.

हत्तींच्या अखेरीत, म्हणजे राजे, हत्ती आणि प्यादीच उरलेल्या एंडगेममध्ये, दोन रचना प्रत्येकाला यायलाच हव्यात. पहिली लुसेना या जुन्या स्पॅनिश लेखकाच्या नावाची. प्यादं सातव्या ओळीवर, त्याच्या पुढच्या घरात आपलाच राजा, विरोधी राजा रांगेपलीकडे रोखलेला. इथे हत्ती आधी चौथ्या ओळीवर आणून ठेवायचा. मग राजा बाहेर काढायचा, मागून येणारे शह चुकवत प्याद्याजवळ राहत खाली उतरायचं आणि शेवटच्या शहाला हत्ती आडवा घालायचा. गंमत अशी की लुसेनाच्या १४९७च्या पुस्तकात ही रचना नाहीच. ती साल्व्हियो या इटालियन लेखकाच्या १६३४च्या पुस्तकात सापडते. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

दुसरी फिलिडोर या फ्रेंच खेळाडूची, १७७७ साली छापलेली, आणि बचावाची. समोरच्याकडे एक प्यादं जास्त आहे, आपला राजा त्या प्याद्याच्या वाटेत आहे. आपला हत्ती आपल्या बाजूने मोजलं तर तिसऱ्या ओळीवर ठेवायचा आणि तिथेच इकडून तिकडे हलवत राहायचा. त्यामुळे विरोधी राजाला पुढे येता येत नाही. कंटाळून तो प्यादं त्या ओळीवर ढकलतो. त्याच क्षणी हत्ती पार टोकाला न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. प्यादं पुढे गेल्यामुळे राजाला आडोसा उरलेला नसतो. ही एक कल्पना पक्की झाली तर वर्षभरात बरोबरीचे कितीतरी अर्धे गुण वाचतात.

विसाव्या शतकाच्या आगेमागे या अभ्यासाला सौंदर्यही आलं. १८९५ साली ग्लासगोत राहणाऱ्या साव्हेद्रा नावाच्या पाद्र्याने बरोबरी म्हणून छापल्या गेलेल्या रचनेत विजय शोधला. प्याद्याचा वजीर केला तर समोरचा हत्ती बळी देऊन चालच न उरलेली बरोबरी साधतो. म्हणून वजिराऐवजी हत्ती घ्यायचा! १९२१ साली रिचर्ड रेटीने राजाच्या तिरप्या चालीची जादू दाखवली. (पटाच्या उभ्या रांगांना ए ते एच आणि आडव्या ओळींना १ ते ८ अशी नावं असतात.) पांढऱ्याचा राजा एच८ला, प्यादं सी६ला. काळ्याचा राजा ए६ला, प्यादं एच५ला. काळ्याचं प्यादं पकडायला पांढरा राजा दोन घरांनी मागे आहे. पण तिरपा चालताना तो एकाच वेळी त्या प्याद्यामागेही धावतो आणि आपल्या प्याद्याच्या मदतीलाही येतो, आणि डाव बरोबरीत सुटतो. मुलांसमोर हा पट मांडला की पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही. शिकवणाऱ्याने उत्तर सांगायची घाई करू नये.

त्याच काळात कापाब्लांकाने १९२४च्या न्यूयॉर्क स्पर्धेत टार्टाकोव्हरविरुद्ध प्यादी सोडून देत राजा थेट शत्रूच्या गोटात नेला. हत्तींच्या अखेरीत राजा हे लढाऊ मोहरं आहे हे शिकायला तो एक डाव पुरतो.

या ज्ञानाची गरज आज जास्त का भासते, याचं कारण घड्याळात आहे. पूर्वी मोठ्या स्पर्धांत पाचेक तासांनी डाव तहकूब व्हायचा. पुढची चाल लिफाफ्यात बंद करून खेळाडू घरी जायचा आणि साथीदारांसोबत त्या स्थितीचा अभ्यास करायचा. १९७२च्या जगज्जेतेपदाचा एकविसावा डाव असाच तहकूब झाला आणि फिशरविरुद्ध खेळणाऱ्या स्पास्कीने दुसऱ्या दिवशी फोनवरून हार कळवली. संगणक आल्यावर तहकुबीला अर्थ राहिला नाही. १९९०च्या दशकात ती प्रथा मागे पडली आणि प्रत्येक चालीला काही सेकंद वाढवून देणारी घड्याळं आली. म्हणजे डावाचा सर्वांत नाजूक भाग आता थकलेल्या डोक्याने, वेळ संपत आलेला असताना खेळावा लागतो. जे आधीच येत असेल तेच तिथे कामाला येतं.

थोरामोठ्यांचंही तसंच. २०१३ला चेन्नईतल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत नॉर्वेच्या कार्लसनने आनंदकडून पाचवा आणि सहावा डाव हत्तींच्या अखेरीत काढले; दोन्ही टिकवता येण्याजोगे होते. १२ डिसेंबर २०२४ला सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्याच लढतीत चीनच्या डिंगने शेवटच्या डावात हत्ती एफ२ला नेला, गुकेशने हत्ती आणि उंट दोन्ही बदलून घेतले आणि उरलेली राजा-प्याद्यांची अखेर सरळ जिंकलेली होती. जगज्जेतेपद अशा स्थितीवर ठरलं, जिचा निकाल क्लासमधल्या चांगल्या मुलालाही सांगता आला असता.

संगणकाने या विद्येत थोडी दुरुस्तीही केली. दोन उंट विरुद्ध घोडा ही स्थिती १८५१पासून बरोबरीची मानली जात होती. १९८०च्या दशकात केन थॉम्पसन या संगणकतज्ज्ञाच्या यंत्राने ती बहुतेक वेळा जिंकता येते हे दाखवलं. २०१२पर्यंत सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थितींचं अचूक उत्तर निघालं. ते आता मोबाइलवर फुकट बघता येतं.

किनवट, भूम किंवा गेवराईसारख्या गावात राहणाऱ्या, मार्गदर्शक नसलेल्या खेळाडूसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. ओपनिंगच्या तयारीत महागडे क्लास आणि ताजी माहिती असणारा पुढे जातो. एंडगेममध्ये तसं नाही. माझ्या मते क्रम असा ठेवावा : आधी एकट्या हत्तीने मात, मग राजा आणि एक प्यादं, मग प्याद्याचा चौकोन (धावतं प्यादं राजाला गाठता येईल का हे ओळखायची युक्ती), त्यानंतर फिलिडोर आणि लुसेना. दोन उंटांची किंवा उंट-घोड्याची मात पुढे ढकलली तरी चालेल, प्रत्यक्ष डावात ती क्वचितच येते. प्रत्येक रचना आधी लाकडी पटावर एखाद्या भिडूसमोर दोन्ही बाजूंनी खेळून पाहावी, आणि नंतरच मोबाइलवर उत्तर तपासावं.