बाळाचे कापडी लंगोट आणि कापडी डायपर

बाळाची शी-शू टिपायला वापरायचं, धुवून परत परत घालता येणारं कापड म्हणजे लंगोट, आणि त्याचाच आजचा टिचबटणं, इलॅस्टिक आणि वॉटरप्रूफ थर असलेला प्रकार म्हणजे कापडी डायपर. महाराष्ट्रात लंगोट, दुपटी, झबली, टोपडी, कुंची, लाळेरी हे सगळं बाळंतविड्यात एकत्रच येतं, आणि अजूनही बऱ्याच घरांत पहिला सव्वा महिना लंगोटच असतात, बाहेर जाताना किंवा रात्री तेवढं विकतचं, एकदा वापरून टाकायचं डायपर घालतात. कापडाचं चांगलं की विकतचं यावर घराघरात वाद चालतात, पण सगळं येऊन थांबतं ते धुण्यापाशी. पाणी किती आहे, ऊन येतं का आणि धुणार कोण, या तीन गोष्टी जमल्या तर कापड उत्तम, नाही जमल्या तर दोन आठवड्यांत बंद पडतं, म्हणून इथे धुण्याबद्दल जरा जास्तच लिहिलंय.

जुन्या लुगड्याचा लंगोट

लंगोट कायम जुन्या कापडाचे, कारण नवीन सुती कापडाला खळ असते, ते कडक असतं आणि पाणी नीट पीत नाही, तेच शंभर वेळा धुतलेलं नऊवारी लुगडं किंवा धोतर मऊ पडलेलं असतं आणि लगेच टिपून घेतं. त्यात अनेक घरांत बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालायचं नाही अशी रीत, त्यामुळे आजीचं लुगडं किंवा भावंडांचे जुने लंगोटच आधी बाहेर निघतात. करायला सोपं आहे, चौकोनी तुकडा तिरका दुमडून त्रिकोण करायचा, दोन टोकं पोटावर आणून गाठ मारायची आणि तिसरं टोक पायांमधून वर घेऊन त्या गाठीत खोचायचं. शिवलेल्या लंगोटाला कोपऱ्यांवर नाड्या असतात, आणि चांगलं शिवणारी बाई शिवण बाहेरच्या बाजूला ठेवते म्हणजे अंगाला टोचत नाही. नाळ पडेपर्यंत लंगोट बेंबीच्या खाली बांधायचा, ओला लंगोट नाळेवर राहिला तर ती सुकत नाही. आणि वरून दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून घट्ट बांधू नयेत, खुब्याच्या सांध्याला ते चांगलं नाही, पाय बेडकासारखे दुमडून हलवता आले पाहिजेत.

या पद्धतीत वॉटरप्रूफ असं काही नसतंच. शू झाली की लंगोट ओला, दुपटं ओलं, खालची गोधडीही ओली, म्हणून अंथरुणात मेणकापड घालायचं आणि बदलत राहायचं, तान्ह्या बाळाला दिवसाला १५-२० लंगोट सहज लागतात. त्याच्या जोडीला बाळाला पायावर बसवणं असतं. आजी पाटावर बसून दोन्ही पावलं जवळ घेते, बाळाला त्यावर टेकवते आणि तोंडाने शूऽऽ शूऽऽ करते, झोपून उठल्यावर आणि दूध प्यायल्यावर हे रोज केलं की काही दिवसांत बाळ त्या आवाजाला प्रतिसाद द्यायला लागतं. एक-दोन लंगोट जरी वाचले तरी धुणारीला मोठी सुटका असते. परदेशात आता याचे कोर्स निघालेत, आपल्याकडे ते आजीकडून शिकायचं असतं आणि ते टिकायला हवं असं मनापासून वाटतं.

विकतचं डायपर कुठून आलं

सेफ्टी पिन अमेरिकेत १८४९ साली वॉल्टर हंटने पेटंट केली, त्यानंतर तिकडे कापड पिनेने लावायची पद्धत पडली. १९४० च्या दशकाच्या शेवटी मेरियन डोनोव्हन या बाईंनी बाथरूमचा पडदा कापून कापडी नॅपीवर घालायचं वॉटरप्रूफ कव्हर शिवलं, त्याला बटणं लावली, १९५१ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आजच्या कापडी डायपरचं कव्हर म्हणजे मुळात तीच कल्पना. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९६१ मध्ये पॅम्पर्स बाजारात आणलं, आणि १९८० च्या दशकात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट हे स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून जेल होणारं रसायन आलं तसं डायपर पातळ झालं आणि रात्रभर चालायला लागलं. आपल्याकडे शहरांत ही सवय मुख्यतः गेल्या २५-३० वर्षांतली.

आताचे कापडी डायपर

सगळ्यात जास्त चालतं ते पॉकेट डायपर. बाहेर पीयूएल नावाचं कापड, म्हणजे पॉलिएस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवलेला, त्यातून पाणी बाहेर येत नाही पण प्लास्टिकच्या चड्डीइतकी घुसमट होत नाही. आत अंगाला कोरडं वाटणारं अस्तर आणि मध्ये खिसा, त्यात इन्सर्ट, म्हणजे शू शोषणारी कापडाची पट्टी, सरकवायचा. पुढच्या बटणांच्या रांगा लावून तेच डायपर साधारण तीन महिन्यांपासून अडीच-तीन वर्षांपर्यंत पुरतं असं कंपन्या सांगतात, मात्र नुकत्या जन्मलेल्या बाळाला ते मांडीपाशी सैल होतं आणि गळतं, तेव्हा साधे लंगोटच बरे. इन्सर्टमध्ये मायक्रोफायबर, म्हणजे अगदी बारीक कृत्रिम धाग्याचा, झटकन शोषतो पण दाब पडला की सोडतो, आणि तो थेट त्वचेला लावायचा नाही कारण त्वचा कोरडी पाडतो. सुती, बांबू किंवा हेम्पचे (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचे) हळू शोषतात पण जास्त धरतात, फक्त नवीन असताना तीन-चार वेळा धुवावे लागतात, नाहीतर पहिल्याच दिवशी गळतं आणि लोक डायपरला नावं ठेवतात. मुंबईची सुपरबॉटम्स, बेंगळुरूची बम्पाडम असे भारतीय ब्रँडही आता आहेत. सुरुवातीचा खर्च जास्त वाटतो हे खरं, पण विकतचे रोजचे ५ धरले तरी अडीच वर्षांत साडेचार हजारांच्या वर डायपर लागतात, आणि कापडी संच दुसऱ्या बाळालाही चालतो.

धुणं

शी आधी संडासात टाकायची, जेट स्प्रेने उडवली तर हात लावावा लागत नाही, मग थंड पाण्याने खळबळून घ्यायचं. गरम पाणी आधी घातलं तर डाग पक्का बसतो. शूचे डायपरही साध्या पाण्यातून काढून मगच सुकी बादली किंवा जाळीच्या टोपलीत ठेवायचे, झाकण लावून दोन-तीन दिवस साठवले की अमोनियाचा असा वास मारतो की डोळ्यांत पाणी येतं. मशीनमध्ये आधी एक छोटी फेरी आणि मग मोठी, पावडर नेहमीच्या कपड्यांइतकीच, बाळाचे आहेत म्हणून चिमूटभर टाकू नये, कमी पावडरने मळ आत राहतो आणि तोच नंतर रॅश करतो. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही, तो धाग्यावर थर धरतो आणि कापड पाणी प्यायचं बंद होतं. ब्लीच आणि उकळतं पाणी पीयूएलला आणि इलॅस्टिकला मारक, सुती लंगोट मात्र खुशाल उकळा. डेटॉलच्या पाण्यात बुडवून तसेच वाळवायची सवय असते बऱ्याच जणांना, ते त्वचेला झोंबू शकतं. बोअरच्या जड पाण्यात क्षार साठून इन्सर्ट कडक पुठ्ठ्यासारखे होतात, तिथे शेवटचं एक पाणी गोडं मिळालं तर बघावं.

वाळवायला उन्हासारखं दुसरं काही नाही. पिवळे डाग घासून जात नाहीत, ते ओलेच उन्हात टाकले की दुपारपर्यंत फिके होतात. पावसाळ्यात मात्र खरी परीक्षा. कोकणात आणि घाटावर जून ते सप्टेंबर कापड वलणीवर दोन-दोन दिवस दमट राहतं, पूर्वी शेगडीवर टोपलं पालथं घालून त्यावर लंगोट वाळवायचे आणि त्याच उबेत धुरीचा वासही लागायचा. आता पंख्याखाली स्टँड आणि सुती कापडावर इस्त्री हाच उपाय, आणि त्या चार महिन्यांत अर्धे विकतचे वापरले तर काही बिघडत नाही.

आता धुणार कोण हा प्रश्न. पूर्वी बाळंतिणीची आई, नंतर बाळंतीण स्वतः, आणि परवडत असेल तिथे धुणंवाली मावशी. मावशींना हे काम द्यायचं तर वेगळे पैसे द्यावेत आणि शी आपण काढून द्यावी, हे साधं माणुसकीचं आहे. टाके ओले असलेल्या बाईने वाकून बादल्या उचलणं चूकच, बाबांनी रोजची एक मशीन लावली आणि वाळत घातली तर निम्मा भार जातो. जिथे पाणीच नाही तिथे तर आग्रह धरूच नये. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तसल्या दिवसांत कुठल्या आईला लंगोट धुवायला सांगणार?

रॅश आणि शू मोजणं

कापडाने रॅश होत नाही असं म्हणतात ते अर्धंच खरं. ओलं अंगावर राहिलं, घासलं, शी वेळेत पुसली नाही की कापडातही होतोच, विकतच्यातही होतो. दोन-तीन तासांनी बदलणं, साध्या पाण्याने धुवून टिपणं आणि रोज थोडा वेळ उघडं ठेवणं यानेच तो आटोक्यात राहतो, टाल्कम पावडर नको कारण ती श्वासात जाते. लाल चट्टा आणि भोवती बारीक पुरळ असेल, मांडीच्या घडीत असेल तर बुरशी असू शकते, डॉक्टरला दाखवावं.

लंगोटाचा एक मोठा फायदा फार कमी सांगितला जातो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू झाली तर बाळाला दूध पुरतंय असं समजतात, आणि लंगोटात ते सरळ मोजता येतं. जेलच्या डायपरमध्ये किती वेळा झाली ते कळतच नाही आणि नवी आई उगाच घाबरते.

कचरा

भारताच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेले डायपर सॅनिटरी कचऱ्यात धरले होते, ते नीट गुंडाळून द्यायचे आणि गुंडाळायला पाकीट कंपन्यांनी द्यायचं असं त्यात होतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडक्यावर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली, कारण उघडे टाकलेले डायपर शेवटी कुणीतरी बाई हाताने वेगळे करत असते.

हवामानावरच्या परिणामाचा हिशेबही धुण्यावरच ठरतो. ब्रिटनच्या २००८ च्या सरकारी अभ्यासात सरासरी वापरात कापडी आणि विकतच्या दोन्हींचं कार्बन उत्सर्जन जवळपास सारखंच निघालं होतं, पण मशीन पूर्ण भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि दुसऱ्या बाळाला वापरलं तर कापडीचं बरंच खाली येत होतं. तिथल्याच २०२३ च्या अभ्यासात कापडी सुमारे २५ टक्क्यांनी कमी निघाले. आपल्याकडे ड्रायर बहुतेक घरांत नसतोच, त्यामुळे कापडाची बाजू इथे आणखी जड असणार.

पाळणाघरं बहुधा कापडी डायपर घ्यायला तयार नसतात, पण इन्सर्ट आधीच घालून तयार केलेले डायपर आणि चेन असलेली वॉटरप्रूफ पिशवी दिली, एकदा घालून दाखवलं, तर काही जणी घेतात. संध्याकाळी ती पिशवी घरी आली की लगेच उघडून खळबळून टाकायची.